जांबोटी-कणकुंबीकडे तंबूत मुक्काम: रात्री फोनवर ओरडणाऱ्यांचं काय करायचं?

माळकरी: बेळगावहून गोव्याला जाणाऱ्या चोर्ल्याच्या रस्त्याला लागून एका खाजगी माळावर दोन रात्री तंबू टाकायचाय, सोबत लेकरं आहेत. रेंज म्हणे एकाच टेकाडावर येते आणि तिथं उभं राहून लोक बारापर्यंत बोलालेत. भांडण न काढता झोप कशी मिळवायची?

तंबूवाला: सामान उतरवायच्या आधी फोन हातात धरून माळ फिरा. रेंज कुठं येते ती जागा हेरा आणि तिच्यापासून लांब ठोका. चढ्या आवाजातलं बोलणं १ मीटरवर साधारण ७५ डेसिबल भरतं. अंतर दुप्पट झालं की ६ कमी होतात, म्हणजे ३२ मीटरवर ४५. हा हिशेब उघड्या माळाचा. थंडीत रात्री गार हवा खाली बसते, वर जाणारा आवाज पुन्हा जमिनीकडं वळतो, म्हणून ५०-६० मीटर धराच. टेकाडाची पाठ मध्ये आली तर सोनं. झुडपांचा भरवसा नको, तंबूच्या कापडाचा तर नाहीच.

रेंजशोध्या: रेंज तुटक असली की पलीकडचं ऐकू येत नाही, मग आपोआप आपला गळा चढतो. ओरडून रेंज सुधारत नाही, उलट माइकवर आवाज फाटतो. स्पीकर बंद करून इअरफोन लावायला सांगा, पण एकाच कानात. दोन्ही कान बुजले की स्वतःचा आवाज कळत नाही आणि माणूस आणखी ओरडतो.

सांगायला एकट्यानं जा, टॉर्च जमिनीकडं. कॉल संपू द्या. "लेकरं झोपल्यात, जरा हळू बोलता काय?" कन्नड माणूस असला तर "स्वल्प मेल्लगे माताडरी". तंबूतून हाळी मारलीत तर सगळा माळ जागा होतो.

खानापूर रोड: जागेच्या मालकाशी आगाऊच ठरवा: १० नंतर फोन टेकाडापलीकडं. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांत रात्र म्हणजे १० ते ६, वस्तीत मर्यादा ४५ डेसिबल. पण एकाच्या फोनसाठी तो कागद कोण काढतोय! मालकाचा शब्द चालतो. ११२ दारू-मारामारीसाठी ठेवा. आणि माळ खाजगी आहे ना, भीमगड अभयारण्यात नाही, हे आधी बघा. आत वनखात्याच्या परवानगीशिवाय तंबू नाही.

माळकरी: कानात फोमचे बोळे चालतील?

तंबूवाला: मोठ्यांना चालतील. बारीक वळा, दुसऱ्या हातानं कान वर-मागं ओढा, आत सारा आणि फुगेपर्यंत ३० सेकंद बोटानं धरा. अर्धवट बसला तर उपयोग शून्य. लहान लेकरांना नको, तोंडात घालतात. आणि दोघांपैकी एकानं कान मोकळे ठेवा, रात्री पोर उठलं तर कळायला हवं.