ग्रामपंचायतीचा हवामान ठराव कागदाबाहेर येऊ शकतो का?

खाडीकाठ (गुहागर तालुका)

मी एका लहान ग्रामपंचायतीचा सदस्य आहे. राज्य शासनाचे पर्यावरणविषयक ‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० साली सुरू झाल्यापासून आमच्याकडे हरित शपथ होते, ५ जूनला रोपे लागतात, छायाचित्रे वर पाठवली जातात आणि भात कापून झाल्यावर गुरे मोकाट सुटली की त्यांतली बहुतेक रोपे संपतात. गेल्या ग्रामसभेत हवामान बदलाचा ठराव आला, तेव्हा एका वयोवृद्ध ग्रामस्थांनी विचारले की, खाडीपलीकडे जयगडला १,२०० मेगावॅटचे कोळशावरचे वीजकेंद्र चालू असताना आपण रस्त्यावरचे चार दिवे सौर केल्याने नेमके काय होणार. मला उत्तर देता आले नाही. ठराव मात्र एकमताने संमत झाला. ग्रामपंचायत किंवा नगरपरिषद या विषयात देखाव्यापुढे काही करू शकते का, आणि करू शकत असेल तर कोणत्या अधिकारात व कोणत्या पैशातून, हे जाणकारांनी सांगावे.

निवृत्त ग्रामविकास अधिकारी (संगमेश्वर)

त्या ग्रामस्थांचे गणित बरोबर आहे, तेव्हा त्यांच्याशी वाद घालू नये. गावाने उत्सर्जन किती घटवले हा हिशेब सोडून द्यावा आणि लहरी झालेल्या पावसात गाव कसे तग धरेल तेवढे पाहावे, असे माझे मत आहे. पैशाचे म्हणाल, तर पंधराव्या वित्त आयोगाने ग्रामपंचायतींच्या अनुदानातील ६० टक्के रक्कम पाणी आणि स्वच्छतेसाठीच बांधून दिली, आणि कोकणात हवामानाचे निम्मे काम पाण्यातच आहे.

आपल्याकडे वर्षाला तीन हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो. पण तो चार महिन्यांत कोसळतो, उतार तीव्र आहे आणि जांभा पाणी धरून ठेवत नाही, त्यामुळे शिमग्याच्या सुमारास व्हाळ (ओढे) आटू लागतात आणि मे महिन्यात वाड्यांवर टँकर मागवावा लागतो. यावर वनराई बंधारा हा स्वस्त उपाय आहे. सिमेंटच्या रिकाम्या गोण्या, माती आणि श्रमदान एवढेच त्याला लागते. मात्र तो ऑक्टोबर-नोव्हेंबरमध्ये, व्हाळ वाहता असतानाच घातला पाहिजे. उद्दिष्ट पूर्ण करण्यासाठी उन्हाळ्याच्या तोंडावर कोरड्या पात्रात घातलेले बंधारे मी नोकरीत असताना पाहिले आहेत, आणि त्यांचीही छायाचित्रे उत्तम आली होती.

म्हणून छायाचित्रांऐवजी एक नोंदवही ठेवा. दोन-तीन सार्वजनिक विहिरींची पातळी दर महिन्याच्या एक तारखेला दोरीने मोजा, त्या वर्षीचा पाऊस लिहा आणि टँकरची पहिली मागणी कोणत्या दिवशी गेली तेही लिहा. सारख्याच पावसाच्या वर्षांत ती तारीख पुढे सरकू लागली, तर त्या ग्रामस्थांना द्यायला आपल्याकडे उत्तर असेल.

बाजारपेठ (चिपळूण)

२००५ च्या पुरानंतर आम्ही दुकानातला माळा उंच बांधून घेतला होता. २२ जुलै २०२१ ला तोही पुरला नाही. वाशिष्ठी नदीतला गाळ काढण्याचे काम नागरिकांनी आंदोलन केल्यावर शासनाने हाती घेतले, कारण ते नगरपरिषदेच्या ऐपतीचे नव्हतेच. नगरपरिषदेच्या हातात जे आहे ते फार साधे आणि फार अवघड आहे: पऱ्ह्यांच्या (लहान ओढ्यांच्या) काठी मातीचा भराव होऊ न देणे आणि पाण्याच्या वाटेवरील बांधकामाला परवानगी नाकारणे.

येथे मला स्वतःविषयीही लिहिले पाहिजे. निळी पूररेषा साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची आणि लाल रेषा १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची धरतात. पुरानंतर शहरात या रेषांचा विषय निघाला, तेव्हा विरोध करणाऱ्यांत मीही होतो, कारण माझी जागा निळ्या रेषेत येते आणि पुनर्बांधणी अडते. शपथ घेतल्याने कोणाची जागा जात नाही, म्हणून ती एकमताने होते. ज्या ठरावाने आपल्याच प्रभागातला एखादा मतदार दुखावतो, त्याला सूचक आणि अनुमोदक मिळतो का, हे पाहावे.

मांडवी (वेंगुर्ले)

वरील दोन्ही मते पटली, परंतु उत्सर्जनाचा हिशेब सोडून द्यावा हे नगरपरिषदांना लागू होत नाही. ओला कचरा डेपोत हवेविना कुजला की मिथेन तयार होतो, आणि तो उष्णता धरण्यात कार्बन डायऑक्साइडपेक्षा कितीतरी पट प्रभावी आहे. आमच्या वेंगुर्ल्यात कचरा घरातूनच वेगळा करून घेण्याची शिस्त लागली, ओल्या कचऱ्यापासून बायोगॅस होऊ लागला, आणि जेथून नाक धरून जावे लागे त्या डेपोची जागा बाहेरगावचे लोक पाहायला येऊ लागले. त्या वेळी हवामान हा शब्द कोणी उच्चारल्याचे मला तरी आठवत नाही. मुंबई महापालिकेने मार्च २०२२ मध्ये हवामान कृती आराखडा जाहीर करून २०५० पर्यंत निव्वळ शून्य उत्सर्जनाचे उद्दिष्ट ठेवले. तेवढी यंत्रणा आमच्याकडे नाही, पण कचरागाडी आहे.

ग्रामपंचायतीची मर्यादाही ध्यानात घ्यावी. गावठाणाबाहेरील बांधकामाची अंतिम परवानगी, सीआरझेडचे (किनारा नियमन क्षेत्राचे) निर्णय आणि किनाऱ्यावरचा धूपप्रतिबंधक बंधारा यांपैकी काहीच तिच्या हाती नाही. रत्नागिरीजवळच्या मिऱ्यासारख्या ठिकाणी समुद्र आत येतो तेव्हा ती पत्र पाठवू शकते, एवढेच. तरी भराव किंवा कांदळवनाची तोड दिसताच तारीख घालून तहसीलदारांना लेखी कळवले आणि ते इतिवृत्तात नोंदवले, तर पुढे कोणालाच “आम्हाला माहीत नव्हते” असे म्हणता येत नाही.

खाडीकाठ (गुहागर तालुका)

सर्वांचे आभार. विहिरींच्या नोंदवहीचा विषय पुढच्या मासिक सभेत ठेवतो. पाणी सोडणारा आमचा कर्मचारी मोजमाप करायला तयार आहे. पऱ्ह्यावरील भरावाचा विषय मांडायचा तर पहिले नाव आमच्याच एका सदस्याच्या भावाचे येते, आणि तो सदस्य माझा शेजारी आहे. आधी त्यांच्या घरी जाऊन बोलावे की थेट सभेत मांडावे, याविषयी कोणाचा अनुभव असल्यास कळवावे.