निर्वासितांच्या सर्वेक्षणात आश्रयाचा निकाल देणारं खातं असावं का?

पायवाट

जर्मनीत २०१६ पासून निर्वासितांचं एक मोठं सर्वेक्षण चालू आहे. त्याच माणसांकडे दरवर्षी जाऊन काम, भाषा, घर, तब्येत, मुलांची शाळा असं सगळं विचारतात. तीन संस्था मिळून ते करतात: रोजगारावर संशोधन करणारी आयएबी, १९८४ पासून घरोघरी पाहणी करत आलेला एसओईपी प्रकल्प आणि स्थलांतर व निर्वासितांचं केंद्रीय खातं बीएएमएफ. माझा आक्षेप या तिसऱ्या नावाला आहे. आश्रयाचा अर्ज मंजूर करायचा की फेटाळायचा, हे याच खात्याच्या हातात असतं.

पहिल्या फेरीत जानेवारी २०१३ ते जानेवारी २०१६ या काळात आलेली माणसं निवडली होती. त्यातल्या अनेकांच्या अर्जाचा निकाल लागायचा होता. अशा माणसाला प्रश्न येतो: देश का सोडला? कुठल्या वाटेने आलात? प्रवासाला खर्च किती आला? आश्रयाच्या मुलाखतीतही देश सोडण्याचं कारण आणि प्रवास खोदून खोदून विचारलेला असतो. तिथे दिलेल्या उत्तरापेक्षा तसूभरही वेगळं उत्तर इथे द्यायला तो धजेल का? खरं आठवलं तरी देणार नाही. आधीचंच उत्तर घोकून सांगेल.

नोकरी आणि भाषेचे आकडे मी मानते. पण पळून येण्याची कारणं, मूल्यं आणि ‘इथेच कायम राहायचंय का’ यावरची उत्तरं या पद्धतीने गोळा झाली असतील, तर त्यांवर धोरण बेतू नये, असं माझं ठाम मत आहे. तुम्हाला काय वाटतं?

अपूर्णांक

अजिबात पटलं नाही.

नमुना कुठून काढणार ते आधी सांगा. परदेशी नागरिकांची केंद्रीय नोंदवही हेच खातं सांभाळतं, आणि नावं तिथूनच चिठ्ठ्या टाकल्यासारखी निवडली जातात. ती सोडली तर मदतसंस्थांच्या दारात किंवा भाषेच्या वर्गात माणसं गाठावी लागतील. मग भेटतील ती बहुतेक धडपडीच. लहान मुलं सांभाळत खोलीत बसलेली बाई, दूरच्या गावात पाठवलेला एकटा तरुण यांची गाठच पडणार नाही. जर्मनीत आश्रय मागणाऱ्यांची राज्याराज्यांत वाटणी लोकसंख्या आणि करउत्पन्न पाहून होते, त्यांना कुठे जायचंय हे पाहून नाही. त्यामुळे ही माणसं देशभर विखुरलेली आहेत. नोंदवहीशिवाय ती सापडायची कशी?

दुसरं, खात्याचा माणूस प्रश्न विचारायला जात नाही. स्वतंत्र पाहणीसंस्थेचा मुलाखतकार जातो. भाग घेणं ऐच्छिक असतं आणि उत्तरं अर्जाच्या फायलीत जात नाहीत.

तिसरं मला सगळ्यात मोलाचं वाटतं. निकालाची वाट जितकी लांबते तितकं काम मिळणं मागे पडतं, हे याच सर्वेक्षणाच्या माहितीतून दिसलं. म्हणजे बोट खात्याच्याच कारभाराकडे गेलं, आणि तरी ते छापून आलं. येऊन पाच वर्षं झालेल्यांपैकी सुमारे ४९ टक्के कामाला लागले होते हेही त्यातूनच कळलं. पुरुषांत ५७ टक्के, स्त्रियांत २९. ही दरी झाकून ठेवता आली असती. ठेवली नाही.

उंबरठा

अपूर्णांक यांच्याशी सहमत. विश्वासाला खरा तडा गेला तो वेगळ्याच ठिकाणी, हे इथे कुणीच सांगितलं नाही. पहिल्या फेरीत एका मुलाखतकाराने मुलाखती न घेताच फॉर्म भरल्याचं २०१७ मध्ये उघड झालं. ४,८१६ पैकी २८९ मुलाखती, म्हणजे सहा टक्के, काढून टाकाव्या लागल्या. उरलेल्या ४,५२७ वर सगळी आकडेमोड पुन्हा केली, आणि निष्कर्ष फारसे बदलले नाहीत. घोटाळा जाहीर करून आकडे दुरुस्त केले गेले, म्हणून माझा या कामावर भरवसा आहे. धोका खात्याच्या नावात शोधण्यापेक्षा दारात उभ्या राहणाऱ्या माणसावर देखरेख वाढवा.

पायवाट

उंबरठा, खोट्या मुलाखती तपासणीत सापडतात. भीतीपोटी दिलेलं उत्तर कुठल्या तपासणीत सापडणार? ते व्यवस्थित भरलेलं असतं, इतर उत्तरांशी जुळतं, आणि तरीही चुकीचं असतं.

अपूर्णांक, उत्तरं फायलीत जात नाहीत हे तुम्हाला-मला माहीत आहे. ज्याने आयुष्यभर सरकारी कागदाचा धसका घेतलाय, त्याला ते खरं वाटतं का, हा माझा प्रश्न आहे.

दुभाषी

मी बरीच वर्षं निर्वासितांसाठी दुभाष्याचं काम करते. एक प्रसंग सांगते. एक गृहस्थ सर्वेक्षणाचं पत्र घेऊन सल्ला केंद्रात आले. पत्र त्यांच्या भाषेतही होतं, त्यांनी ते नीट वाचलं होतं. ‘ऐच्छिक’ या शब्दाखाली पेनाने रेघ मारली होती. तरी त्यांनी पहिलं विचारलं, “यांना माझा पत्ता कुणी दिला?” आणि मग, “नाही म्हटलं तर निकालावर काही होईल का?” समुपदेशक बाईंनी समजावलं, ते हो म्हणून गेले. त्यांना पटलं होतं असं मला वाटलं नाही.

म्हणून खात्याचं नाव काढून भागेल असं मला वाटत नाही. पत्ता नोंदवहीतून आला की तो कुठून आला हे कळतंच.

पण कामाची दुसरी बाजूही सांगायला हवी. प्रश्नावली अरबी, फारसी-दरी, पश्तो, उर्दू, कुर्मांजी, इंग्रजी आणि जर्मन अशा भाषांत आहे. वाचता येत नाही त्यांना प्रश्न ऐकवण्याचीही सोय केली. याआधी पश्चिम जर्मनीने इटलीशी करार करून परदेशी कामगार आणायला १९५५ मध्ये सुरुवात केली, १९७३ मध्ये भरती थांबली, आणि त्यांच्या घरांना दरवर्षी काही विचारणं सुरू झालं ते १९८४ मध्ये. या वेळी माणसं येऊन स्थिरावायच्या आत कुणीतरी त्यांनाच विचारलं. हे हातचं जाऊ नये.

पायवाट

दुभाषी, मनापासून आभार. माझं म्हणणं थोडं नेमकं करते. २०२२ मध्ये युक्रेनहून आलेल्यांचं असंच सर्वेक्षण झालं, ११,२२५ जणांचं. त्यात ३७ टक्क्यांनी कायमचं किंवा निदान काही वर्षं राहायचंय असं सांगितलं, ३४ टक्क्यांनी युद्ध संपेपर्यंत. हे आकडे मला खरे वाटतात, कारण युरोपीय संघाच्या तात्पुरत्या संरक्षणामुळे त्यांना आश्रयाच्या मुलाखतीला सामोरं जावं लागलं नव्हतं. ‘परत जाईन’ म्हणायची त्यांना मोकळीक होती. निकालाची वाट पाहणारा अफगाण माणूस ते म्हणू शकेल का? मग दोघांची उत्तरं शेजारी ठेवून ‘यांना जायचंय, त्यांना जायचं नाही’ असे निष्कर्ष कुणी काढू लागलं, तर तो अन्याय आहे.

अपूर्णांक

ही तुलना चुकीची होईल हे मान्य. पण यावर उपाय म्हणून निकाल लागेपर्यंत थांबून मग विचारायचं म्हटलं, तर वाट पाहण्याचा काळच नोंदीतून निसटेल. अर्ज फेटाळलेले, पण देशातच राहिलेले लोकही गळतील. लांबलेल्या निकालाने काय नुकसान होतं हे दाखवणारा पुरावाच तुम्ही पुसून टाकाल.

पायवाट

थांबा असं मी म्हणतच नाही. काम, भाषा, घर, तब्येत यांबद्दल पहिल्याच वर्षी विचारा. देश का सोडला आणि पुढे काय करायचंय, हे प्रश्न निकाल हातात पडल्यानंतरच्या फेरीत घ्या, आणि तो भाग एखाद्या विद्यापीठाकडे सोपवा. दरवर्षी त्याच माणसाकडे जायचंच आहे, मग प्रश्नावली अशी दोन टप्प्यांत करायला काय अडतं?

अपूर्णांक

वर्षभरात माणसं पत्ते बदलतात, काही सापडत नाहीत. हा भाग पुढे ढकलला की तेवढ्यांची उत्तरं कायमची गेली. ही किंमत तुम्हाला चालणार असेल तर तसं स्पष्ट म्हणा.

पायवाट

चालेल. घाबरून दिलेल्या हजार उत्तरांपेक्षा मोकळेपणाने दिलेली सहाशे मी घेईन.