चिपच्या डोक्यावरून उजेड टाकणारा लेझर स्वस्त कसा पडतो?

रॅकवाला: आमच्या सर्व्हर रूममध्ये फायबरमधून डेटा पाठवणारी दहा गिगाबिटची दोन तऱ्हेची लेझर मॉड्यूलं आहेत. ८५० नॅनोमीटर तरंगलांबीवालं स्वस्त, १३१० वालं महाग. स्वस्तातल्याचं झाकण काढून मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरलं की फिकट जांभळा ठिपका दिसतो. यातला लेझर म्हणे कडेने नाही, चिपच्या वरच्या अंगाने उजेड टाकतो. त्याने किमतीत एवढा फरक का पडावा?

माजी टेस्ट इंजिनिअर: आठ वर्षं मी वेफर, म्हणजे ज्यावर हजारो चिप एकत्र बनतात ती चकती, तपासायच्या टेबलावर काढलीत, म्हणून सविस्तर सांगते. कडेच्या लेझरमध्ये चिरलेली कड हाच आरसा. वेफर चिरून पट्ट्या केल्याशिवाय तो साधारणपणे तपासताच येत नाही. वरून उजेड टाकणाऱ्यात मात्र आरसे थरावर थर चढवून आधीच तयार असतात, एक खाली, एक वर. अख्खा वेफर ठेवायचा, मायक्रोस्कोपमध्ये बघत सोन्याच्या इवल्याशा कड्यावर सुई टेकवायची आणि करंट हळूहळू चढवायचा. मिलिअँपिअरच्या आसपास आलं की स्क्रीनवरचा धुरकट गोल एकदम लख्ख होतो. हजारो वेळा पाहूनही मी तिथे थबकायचे. खराब निघालेले तिथेच कळतात, त्यांच्या पॅकिंगचा खर्च वाचतो. शिवाय झोत गोल असतो, फायबरमध्ये सहज उतरतो.

रॅकवाला: मग १३१० पण असंच का नाही करत?

माजी टेस्ट इंजिनिअर: आरशांपाशी अडतं. प्रकाश तयार करणारा थर इतका पातळ की आरशांमधल्या एका फेरीत प्रकाशात वाढ जेमतेम टक्काभर. म्हणजे आरशाने ९९ टक्क्यांहून जास्त प्रकाश परत पाठवायलाच हवा. ८५० ला गॅलियम आर्सेनाइडवर असे वीस-तीस जोडथर छान बसतात. १३१० साठी लागणाऱ्या इंडियम फॉस्फाइडवर थराथरांच्या अपवर्तनांकात (प्रकाश वाकवण्याच्या क्षमतेत) पुरेसा फरक मिळत नाही, जोड्या वाढवाव्या लागतात आणि उष्णता अडकते.

जुना वाचक: टोकियो इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजीतल्या केनिची इगा यांना वरून उजेड टाकणाऱ्या लेझरची ही कल्पना सुचली २२ मार्च १९७७ ला. १९७९ चा पहिला नमुना उणे १९६ अंशांवरच चालला. खोलीच्या तापमानाला सलग चालायला १९८८ उजाडलं. आज तोच फोनमध्ये चेहरा ओळखायला ठिपके टाकतो.

माजी टेस्ट इंजिनिअर: आणि रॅकवाले, कॅमेऱ्याने बघता ते ठीक, डोळा लावू नका. मॉड्यूल हाताळताना मनगटाला अर्थिंगचा पट्टाही बांधा, अंगातल्या स्थिर विजेने लेझर खराब होतो. माझ्या एका सहकाऱ्याने पट्टा न बांधता लेझरचा ट्रे उचलला होता. दुसऱ्या दिवशी त्यातले निम्मे पेटलेच नाहीत.