मदत हवी आहे: बारीक मनगटावर मोठं घड्याळ
नमस्कार मंडळी, लातूरहून विचारतोय. माझं मनगट 6 इंचाचं, पण जीव अडकलाय मोठ्या डायलच्या घड्याळात. गंजगोलाईत 46 मिमीचं घालून पाहिलं, तर त्याचे कान (पट्टा जिथे जोडतात ती टोकं) मनगटाच्या बाहेर आले आणि पट्टा दोन्हीकडून अधांतरी राहिला. दुकानदार काका म्हणाले, "नुसती डायल बघू नका, कानापासून कानापर्यंत मोजा." अगदी पटलं.

कॅसिओची जी-शॉक जीए-2100 रुंदीला 45.4 मिमी आहे, पण जाडी 11.8 मिमी अन् वजन 51 ग्रॅमच. ती बारीक हातावर नीट बसते का? की 40 मिमीच्या आतलंच घ्यावं?

कुणी वापरत असाल तर आरशातला फोटो टाका ना. जवळून काढलेल्या फोटोत घड्याळ आहे त्याहून मोठं दिसतं.