प्रतिसाद: बफ की सुती रुमाल?
ट्रेकला डोक्या-मानेसाठी पॉलिस्टरचा बफ (डोक्यातून घालायची नळीसारखी ताणणारी पट्टी) घ्यावा की सुती कापड, हे ऋतू बघितल्याशिवाय ठरणार नाही. एप्रिल-मेच्या उन्हात हरिश्चंद्रगड चढायचा तर सुती मलमलच. ओली करून गुंडाळली की वाळेपर्यंत गारवा देते. पॉलिस्टर फारसं पाणी धरत नाही, त्यामुळे गारवा लगेच संपतो. पावसाळ्यात नेमकं उलट, सुती कापड दिवसभर वाळत नाही, मानेला चिकटून बसतं. तिथे बफच बरा, वास मारतो तेवढा सहन करायचा.

सुती रुमालासाठी तयार स्कार्फपेक्षा ४४ इंच पन्ह्याचं मलमलीचं कापड सव्वा मीटर घ्या. आधी धुऊन आटू द्या, मग चौकोन कापून कडा बारीक दुमडून शिवा. फार झिरझिरीत नको, ऊन अडवत नाही. दुकानात उजेडासमोर धरून बघाच.