‘टीएलएस फुटलेलं नाही, फुटतो तो कोड’ – पटतं का?

रानवारा
सहकाऱ्याशी यावरून वाद झाला, म्हणून धागा काढतोय. त्याचं म्हणणं शीर्षकात आहे. (टीएलएस म्हणजे ब्राउझर आणि सर्व्हरमधलं बोलणं गुप्त ठेवणारा प्रोटोकॉल, म्हणजे ठरलेले नियम.) मला ते पळवाट वाटतं. २०१४ चं हार्टब्लीड घ्या. ओपनएसएसएलमध्ये, म्हणजे अनेक सर्व्हर टीएलएससाठी वापरतात त्या सॉफ्टवेअरमध्ये, एका ठिकाणी लांबी तपासायची राहून गेली. जोडणी चालू आहे ना, एवढंच विचारणाऱ्या संदेशात खोटी लांबी लिहिली की सर्व्हर आपल्या मेमरीतला ६४ केबीपर्यंतचा तुकडा देऊन टाकायचा. त्यात पासवर्ड सापडत, कधी सर्व्हरची खासगी चावीसुद्धा. एन्क्रिप्शनचं गणित शाबूत होतं, पण ज्याचा पासवर्ड गेला त्याला त्याचा काय उपयोग?

कृष्णाकाठ
राग रास्त आहे, पण फरक करावाच लागतो, नाहीतर दुरुस्ती भलत्याच जागी होते. ओपनएसएसएलच्या जुन्या ०.९.८ आणि १.०.० आवृत्त्यांमध्ये हा दोष नव्हताच. उलट, जिथे दर जोडणीला नवी तात्पुरती चावी वापरली जात होती, तिथे सर्व्हरची चावी चोरीला गेली तरी आधी टिपून ठेवलेली वाहतूक उलगडता येत नव्हती. म्हणजे प्रोटोकॉलने नुकसान आवरलं. २०१८ च्या टीएलएस १.३ मधून तर तात्पुरती चावी न वापरणारी, चावी ठरवण्याची जुनी आरएसए पद्धत काढूनच टाकली.

मेधा_ठाणे
काढली, पण त्याआधी आरएसएच्या कमकुवत चाव्यांनी काय केलं तेही सांगा की! नव्वदच्या दशकात अमेरिकी सरकारला ताकदवान एन्क्रिप्शन देशाबाहेर जाऊ द्यायचं नव्हतं. म्हणून ‘निर्यातीसाठी’ ५१२ बिटांच्या, जाणूनबुजून कमकुवत ठेवलेल्या चाव्या एसएसएलमध्ये, म्हणजे टीएलएसच्या आधीच्या प्रोटोकॉलमध्ये, आल्या. पुढे निर्बंध सैल झाले, चाव्या मात्र सर्व्हरांत तशाच पडून राहिल्या. २०१५ मध्ये फ्रीक हल्ला उघड झाला. मध्ये बसलेला माणूस दोन्ही बाजूंना त्या कमकुवत चावीवर उतरवू शकत होता. सरकारने एकदा ठेवलेली फट वीस वर्षांनी कुणाच्याही कामी येते. आज ‘फक्त पोलिसांसाठी’ मागचं दार मागणाऱ्यांना हे ऐकवायला हवं.

कृष्णाकाठ
मागच्या दाराबद्दल शंभर टक्के सहमत. पण फ्रीक चालला तो ब्राउझरने न मागितलेली चावी स्वीकारली म्हणून. तोही कोडच.

मेधा_ठाणे
मग त्याच वर्षीचा लॉगजॅम हल्ला, तसाच कमकुवत चावीवर उतरवणारा? तिथे ब्राउझर नियमानेच वागत होता. टीएलएस १.२ मध्ये सर्व्हर चावीच्या आकड्यांवर सही करतो, पण कोणता सायफर (एन्क्रिप्शनची पद्धत) निवडला हे त्या सहीत येत नाही. मधल्याने ते बदललं तर सही तरीही बरोबरच ठरते. याला कोडचा दोष कसं म्हणणार?

कृष्णाकाठ
नाही म्हणता येणार. लॉगजॅम रचनेतलाच दोष होता, मान्य. १.३ मध्ये सही तोवरच्या सगळ्या बोलणीवर होते, ती यासाठीच.

दुर्गवेडा
प्रमाणपत्रांकडे, म्हणजे ही साइट खरंच त्याच नावाची आहे याच्या ब्राउझरला दिलेल्या दाखल्यांकडे, कुणीच वळलं नाही. २०११ मध्ये नेदरलँड्सच्या डिजीनोटार या प्रमाणपत्रं देणाऱ्या कंपनीत घुसून गूगलच्या नावाचं खोटं प्रमाणपत्र काढलं गेलं आणि इराणमधल्या लोकांवर वापरलं गेलं. जुलै २०१४ मध्ये आपल्या एनआयसीकडूनही (केंद्र सरकारचं राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्र) गूगलच्या काही डोमेनची अनधिकृत प्रमाणपत्रं निघाल्याचं समोर आलं. तिथे ना गणित मोडलं, ना टीएलएस.

रानवारा
हेच मला म्हणायचं होतं, दुर्गवेडा. त्या इराणी माणसाला ब्राउझरने सुरक्षित असल्याचंच सांगितलं असणार.

कृष्णाकाठ
म्हणूनच एप्रिल २०१८ नंतरचं प्रत्येक प्रमाणपत्र जाहीर नोंदवहीत असावं, अशी अट क्रोमने घातली. डोमेन कुणाकडे असेल तर त्याने त्या नोंदी आजच तपासाव्यात. आपल्या नावाने कुणी काय काढलंय ते फुकट दिसतं.