मदत हवी आहे: सायकलला मोटर बसवायची आहे, काळी सायकल घेऊ की रेंजर?

जॉबरअण्णा

नमस्कार मंडळी. राहायला जुळे सोलापूर, काम अक्कलकोट रोड एमआयडीसीत, टॉवेलच्या कारखान्यात जॉबर आहे, म्हणजे मागांची दुरुस्ती-देखभाल बघतो. जाऊन-येऊन वीस-बावीस किलोमीटर पडतं. रस्ता सपाटच म्हणायचा, आसरा पुलाचा चढ सोडला तर दम लागावा असं काही नाही. पण एप्रिल लागला की पारा 42-43 वर जातो आणि दुपारी पाळी सुटल्यावर समोरून गरम वारं अंगावर घेत पायडल मारायचं म्हणजे घरी पोचेपर्यंत माणूस भाजून निघतो. घरात स्कूटर आहे, ती बायकोकडे असते आणि तिकडेच राहू दे. मला सायकल सोडायची नाही, फक्त मागून ढकलणारं कुणीतरी हवंय.

मोटर म्हणजे काय हे मला सांगायला नको. दिवसभर मागाच्या मोटरी, पट्टे, पुल्या, बेअरिंगं यांच्यातच हात काळे होतात. पण ती सगळी थ्री फेज, 440 व्होल्टची. बॅटरी, कंट्रोलर, हॉल सेन्सर (मोटर कुठवर फिरली ते कंट्रोलरला कळवणारा) हे प्रकरण पहिल्यांदाच. वेल्डिंग, लेथ, कानस सगळं हाताशी आहे, मित्राचं वर्कशॉपही आहे. बजेट पंधरा हजार, ओढूनताणून अठरा.

सायकली दोन आहेत. एक जुनी काळी, 28 इंची, दांड्याच्या ब्रेकची. फ्रेम अशी की गहू दळायला पोतं टाकलं तरी हूं का चूं करत नाही. दुसरी भाच्याची रेंजर, 26 इंची, लोखंडी फ्रेम, पुढे-मागे व्ही-ब्रेक, गेअर नाही. दोन वर्षं जिन्याखाली पडून आहे, टायर गेलेत. माझं मन काळीवर आहे. तिच्या त्रिकोणात बॅटरीला जागा भरपूर आणि वजनाची फिकीर नाही. दुकानदार म्हणतो, "कुठल्याही सायकलला बसतं." असं सरसकट बोलणाऱ्याकडून मी मागाचा साधा पिकरसुद्धा घेत नाही, म्हणून इथं विचारतोय.

मोटर चाकातली हब घ्यावी की चेनवर चालणारी 24 व्होल्टची गेअर मोटर? चेनवाली स्वस्त आहे आणि बिघडली तर मीच उघडीन. बॅटरी लिथियम की लेड-ॲसिड, आणि किती ॲम्पिअर-अवरची? शेजारचे एकजण म्हणतात हे सगळं सोड, 80 सीसीचं टू-स्ट्रोक किट येतं, पेट्रोल टाक आणि पळव. म्हणजे शेवटी लूनाच झाली की ती! कायद्याचं काय, तेही कुणी सांगा.

चेनकव्हर

काळीचा नाद सोडा अण्णा. फ्रेमबद्दल तुमचं बरोबर आहे, अडचण चाकात आणि ब्रेकमध्ये आहे.

काळ्या सायकलच्या मागच्या रिमला आऱ्यांची 40 भोकं असतात, पुढच्या रिमला 32. हब मोटरला बहुतेक 36. म्हणजे तुमची रिम मोटरला चालणार नाही, नवी आणावी लागेल. दांड्याच्या ब्रेकचं रबर रिमच्या आतल्या बाजूला खालून लागतं. त्या रिमच्या कडा गोलसर असतात, त्यामुळे बाजूने दाबणारे ब्रेक तिथे नीट धरत नाहीत. आणि मुख्य गोष्ट अशी, की किटमध्ये ब्रेकचे जे लिव्हर येतात त्यांत स्विच असतो. ब्रेक दाबला की मोटर बंद. तुमच्या दांड्याला तो स्विच कुठे लावणार? ब्रेक दाबताय आणि मोटर पुढे ओढतेय, असं विजापूर वेशीच्या गर्दीत व्हायला नको.

आता तुम्ही पंधराने चालवत असाल. पंचवीसने निघालात तर थांबवायची ताकद पावणेतीन पट लागते, वर मोटर-बॅटरीचं वजन वेगळं. पावसात ओल्या लोखंडी रिमवर दांड्याचे ब्रेक किती लागतात ते तुम्हाला माहीतच आहे.

रेंजर घ्या. 26 इंची चाकात आरे भरून तयार मोटर मिळते. फक्त मागच्या चिमट्याचं, म्हणजे फ्रेमच्या ज्या दोन टोकांत मागचं चाक बसतं त्यांचं, आतून आतलं अंतर मोजा. मागच्या हब मोटरला साधारण 135 मिलिमीटर लागतं, बिनगेअरच्या सायकलला त्याहून कमी असतं. फ्रेम लोखंडी आहे म्हणून दोन्ही बाजू सारख्या फाकवता येतील. ॲल्युमिनिअम असती तर हात लावू नका म्हटलं असतं.

नियमवाला

पेट्रोलचं आधी. मोटार वाहन कायदा 1988 मधल्या व्याख्येप्रमाणे चारपेक्षा कमी चाकांचं आणि 25 सीसीपर्यंतच्या इंजिनाचं वाहन 'मोटार वाहन' धरत नाहीत. त्यावर गेलं की नोंदणी, विमा, लायसन सगळं आलं. 80 सीसीची घरगुती सायकल कुठलंही आरटीओ नोंदवून घेणार नाही. अपघात झाला तर विमा नाही, आणि समोरच्याची भरपाई तुमच्या खिशातून.

विजेवरच्या सायकलला केंद्रीय नियमांत सूट आहे: मोटरची तीस मिनिटांची पॉवर 250 वॅटपेक्षा कमी आणि वेग ताशी 25 किलोमीटरच्या आत. पण त्यासाठी मान्यताप्राप्त चाचणी संस्थेचा दाखला लागतो, उदाहरणार्थ पुण्याची एआरएआय. घरी जोडलेल्या सायकलला तो आपोआप मिळत नाही, हे ध्यानात ठेवा. किट घेताना विक्रेत्याकडे दाखल्याची प्रत मागा. 'वर 250 लिहिलंय, आत 350 आहे' असं डोळा मारून सांगणाऱ्याकडून घेऊच नका. हेल्मेट मात्र घाला, कायदा काहीही म्हणो.

पारा४३

बॅटरीचं मी सांगतो, मीही सोलापूरचाच.

लेड-ॲसिड नको. 12 व्होल्टच्या तीन बॅटऱ्या म्हटलं की दहा-बारा किलो झाले, आणि दर वेळी पूर्ण उतरवल्या की लवकर बसतात. लिथियम 36 व्होल्ट, 10 ॲम्पिअर-अवर घेतली तर 360 वॅट-अवर. त्यातले ऐंशी टक्केच वापरायचे धरले तर 290 च्या आसपास. हलकं पायडल मारत गेलात तर किलोमीटरला 12-13 वॅट-अवर जातात, म्हणजे 22 किलोमीटर जेमतेम. नवी असताना निभेल, पुढच्या उन्हाळ्यात आसरा पुलावर उतरून ढकलाल. 13 ची घ्या, नाहीतर कारखान्यात चार्जिंगची परवानगी काढा.

पण एक पथ्य पाळा. पत्र्याच्या शेडखाली दुपारभर तापलेली बॅटरी लगेच चार्जिंगला लावायची नाही. बहुतेक लिथियम-आयन सेल 45 अंशांच्या वर चार्ज करायचे नसतात, आणि आपल्याकडे मे महिन्यात शेडमधली बॅटरी तिथवर सहज जाते. घरी आणा, सावलीत ठेवा, जेवण उरका, मग लावा. झोपेत चार्जिंग नको, पॅकमध्ये बीएमएस (सेल जादा चार्ज किंवा जादा रिकामे होऊ न देणारं सर्किट) आहे याची खात्री करून घ्या, आणि बॅटरीजवळच फ्यूज टाका.

जॉबरअण्णा

सगळ्यांचे आभार. आरे आणि भोकांचं कुणी दुकानात बोललंच नव्हतं. सकाळी रेंजरचा चिमटा मोजला, 118 भरला. म्हणजे फाकवणं आलं, ते होईल. काळी आहे तशीच ठेवतो, दळणाला.

पेट्रोलचा विषय संपला. पण चेनवाली मोटर अजून डोक्यातून जात नाही. हबमध्ये काही गेलं तर अख्खं चाक खोलायचं का?

चेनकव्हर

हो, चाक काढावं लागतं. पण खोलायची वेळ सहसा मोटरमुळे येत नाही, वायरमुळे येते. तीन जाड फेजच्या आणि पाच बारीक हॉलच्या वायरी ॲक्सलच्या पोकळीतून बाहेर येतात. नट ढिला राहिला की मोटर जोर लावताना ॲक्सलच फिरतो आणि वायरी पिळून तुटतात. चेनवाल्या मोटरला वेगळं स्प्रॉकेट, वेगळी चेन, ती सरळ रेषेत जुळवणं, धूळ आणि आवाज. रोज तेच करता म्हणून सायकलवरही करायची हौस असेल तर घ्या बापडे.

हब घेतलीत तर टॉर्क आर्म, म्हणजे ॲक्सल फिरू न देणारी पट्टी, दोन्ही बाजूंना लावा, किटमधल्या पातळ वॉशरवर विसंबू नका. तुमच्याकडे कानस आहे, मग पाच-सहा मिलिमीटर जाड पट्टीतून स्वतःच करा. ॲक्सलच्या दोन सपाट बाजूंमधलं अंतर व्हर्नियरने मोजा, बहुतेक 10 मिलिमीटर निघेल. खाच त्याहून लहान ठेवून कानशीने हळूहळू वाढवा, हाताने दाबून बसली पाहिजे, हलता कामा नये. पट्टीचं दुसरं टोक चिमट्याच्या पाइपला क्लॅम्पने आवळा, वेल्ड करू नका, पंक्चर निघालं की चाक काढायचं आहे.